कोंबड्याच्या मानेची माशी

"गरम पाण्यात घालू नकोस! अरे, कुणीतरी धरा त्याचा हात, गरम पाण्यात घालू नकोस."

रियाधच्या बथा भागातल्या एका कोंबडीच्या दुकानात आमचे डॉक्टर हे ओरडत होते, आणि चक्क मराठीत ओरडत होते. ते गडबडले की त्यांची अरबी सगळ्यात आधी पळ काढायची, तिच्यामागून हिंदी, आणि शेवटी साताऱ्याची मराठी एकटी मैदानात उभी राहायची. काउंटरपलीकडचा येमेनी खाटीक एका हातात नुकताच कापलेला तांबूस कोंबडा आणि दुसऱ्या हातात वाफाळत्या पिंपाचं झाकण घेऊन जागच्या जागी थिजला होता. रांगेतली माणसं माझ्याकडे वळली. एका म्हाताऱ्या सौदी गृहस्थांनी काळजीने विचारलं, "कापण्यात काही चुकलं का?"

"नाही, काका," मी म्हणालो. "दकतूरना फक्त मान हवी आहे."

"मान?"

"मानेवरची पिसं. गरम पाण्यात घातली की वाया जातात."

"आणि कोंबडा?"

"तो मला."

खाटकाने डॉक्टरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि झाकण खाली ठेवत म्हणाला, "तुम्हा दोघांत वेडा कोण ते कळलं. लबाड कोण तेही कळलं."

त्या कोंबड्याचं आम्ही घरी कालवण केलं. मानेचं काय झालं ते सांगायला मात्र थोडं मागून यायला हवं.

मी दाभोळच्या खाडीकाठचा. आमच्याकडे मूल उभं राहायला लागलं की त्याच्या हातात पाग, म्हणजे फेकायचं जाळं, देतात, आणि ते पाग फेकताना पाण्यात पडलं की त्याला पोहायला शिकवतात. मासा म्हणजे जेवण, यात आमच्या सात पिढ्यांत मतभेद झालेला नाही. डॉक्टरांची मासेमारी ही मात्र वेगळीच चीज होती. तिच्यात गळाला ना कोळंबी लावायची, ना पिठाची गोळी. गळावर पिसं, केस, रेशीम गुंडाळून एक खोटी माशी बांधायची. ती एका लवचिक काठीने डोक्यावरून मागे-पुढे, मागे-पुढे झुलवायची आणि पाण्यावर अशी अलगद ठेवायची, की माशाला वाटावं वरून नाश्ता आला. आणि एवढं करून मासा लागलाच, तर ओल्या हातांनी त्याच्या तोंडातली गरी, म्हणजे गळाचा काटा, काढायची आणि त्याला परत पाण्यात सोडून द्यायचं.

हे पहिल्यांदा ऐकलं त्या संध्याकाळी मी गावी वडिलांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पगार वेळेवर देतात ना तिकडे?"

डॉक्टर भूलतज्ज्ञ होते. मी त्यांच्या हाताखालचा टेक्निशियन. मशीन, नळ्या, सिलिंडर हे माझं खातं, झोप हे त्यांचं. इस्पितळात निम्म्या शहराला त्यांनी झोपवलं होतं आणि उरलेलं निम्मं त्यांच्या गोष्टी ऐकून आपोआप झोपलं होतं. उंच, वाकलेले, नाक असं की ऑपरेशनच्या मास्कमध्ये ते कधी पूर्ण मावलं नाही. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे हा माणूस पक्का शाकाहारी. मासा तोंडात सोडा, माशाचा डबा टेबलावर उघडला तरी ते खुर्ची खिडकीकडे सरकवायचे. आमच्या घरी आले की बायको त्यांच्यासाठी घावन आणि नारळाची चटणी वेगळ्या तव्यावर, वेगळ्या उलथन्याने करायची.

"डॉक्टरसाहेब, एक विचारू?" ती एकदा म्हणाली. "खायचा नाही, विकायचा नाही, घरी न्यायचा नाही. मग त्या बिचाऱ्याला पाण्याबाहेर काढताच कशाला?"

"ओळख करून घ्यायला, वहिनी."

"मग त्याला चहाला बोलवा. तोंडात काटा कशाला घालता?"

डॉक्टरांना हे इतकं पटलं की पुढे दोन महिने ते गरीचं टोक कानशीने घासून बोथट करत होते.

हा नाद त्यांना लागला तो तरुणपणी, स्कॉटलंडच्या उत्तरेला कुठल्याशा इस्पितळात नोकरीला असताना. तिथे मार्चमध्ये, काठावर अजून बर्फ असताना, घरमालकाने त्यांना कंबरभर पाण्यात उभं केलं आणि हातात काठी दिली. "माझे पाय माझेच आहेत हे मी अंदाजाने मानत होतो," डॉक्टर सांगायचे. आणि त्या पाण्यातून त्यांना पहिला ब्राऊन ट्राउट लागला. त्या माशाचं वर्णन मी किमान हजारदा ऐकलं असेल. पाठ ताकाच्या कढीत मोहरी पडावी तशी, कुशीला लोण्याचा रंग, आणि त्यावर तांबडे ठिपके, प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं. लोक आपल्या लग्नाचं वर्णन करतात तसं ते त्या माशाचं करायचे. लग्नाबद्दल विचारलं तर म्हणायचे, "ती साताऱ्याला, मी रियाधला. दोघांनाही हवा मानवते."

आता रियाधला ट्राउट कुठला? पण थंडी मात्र असते. ज्यांनी सौदीचं नाव फक्त उन्हाळ्याशी जोडलंय त्यांनी फेब्रुवारीत पहाटे शहराबाहेर उभं राहून पाहावं. उत्तरेकडून वारा येतो तो हाडांची नावं घेत येतो. मी एकदा जांभई दिली तर दात गार पडून आठवडाभर पान खाता आलं नाही. डॉक्टर बरोबर याच दिवसांची वाट पाहायचे. बाकीचे मराठी लोक त्या महिन्यांत तंबू, शेगड्या आणि मटणाची पातेली घेऊन वाळूत जायचे, आणि डॉक्टर इस्पितळाच्या क्वार्टर्सच्या गच्चीवर स्वेटर, कानटोपी, त्यावर मफलर अशा वेशात काठी फिरवत उभे असायचे. सराव. त्या सरावात त्यांनी शेजारणींच्या दोरीवरचे तीन काळे अबाये, एक डिश अँटेना आणि केरळच्या मेट्रनबाईंचा विग एवढं पकडलं. मेट्रनबाईंचा विग आहे हे इस्पितळाला तोवर माहीत नव्हतं. डॉक्टरांनी तो ओल्या हातांनी सोडवून परत केला.

माश्या बांधायचं काम ड्यूटीरूममध्ये चालायचं, चहाच्या वेळेत. गरी चिमट्यात धरायची, डोळ्याला शस्त्रक्रियेची दुर्बीण लावायची, आणि मुदत संपून टाकून दिलेल्या टाक्यांच्या धाग्याने पीस गुंडाळायचं. सामान कुठून येईल याचा नेम नव्हता. कोंबड्याची मान तुम्ही पाहिलीच. माशीचं पोट चकाकायला हवं म्हणून त्यांनी माझ्या बायकोच्या शालूच्या पदरातून जर मागितली. तिने दिली, पण दर वेळी एक धागा, आणि दर वेळी विचारायची, "मागच्या धाग्याचं काय झालं ते आधी सांगा."

घाई हा एक शब्द त्यांना वर्ज्य होता. सर्जन हातमोजे घालून उभा, लाइट लागलेले, आणि डॉक्टर पेशंटचा हात हातात घेऊन त्याच्याशी गप्पा मारत बसलेले. सर्जन फुरफुरायला लागला की ते मान न वळवता म्हणायचे, "घाई असेल तर जाळं घ्या." इजिप्शियन सर्जनला वाटायचं ही भारतातली काहीतरी औषधाची सूचना असावी. तो नर्सला म्हणायचा, "द्या त्यांना, काय हवंय ते द्या."

पेशंटला आकडे मोजायला लावायची त्यांची पद्धत नव्हती. ते त्याला नदीवर न्यायचे. मोडक्यातोडक्या अरबीत कानाशी बोलायचे, "थंड पाणी आहे. तू काठावर आहेस. समोर एक दगड आहे, दगडामागे एक मासा आहे. त्याच्याकडे बघ." माणूस बघता बघता जायचा. अबू सालेहची आणि आमची गाठ अशीच पडली. रियाधजवळच्या खर्जच्या बाजूला त्यांची खजुराची मोठी शेती. हर्नियाच्या ऑपरेशनला आले होते. ऑपरेशन झालं, शुद्धीवर आले, आणि बायको, मुलं, देव, कुणाचंही नाव न घेता पहिलं वाक्य बोलले, "मासा आला का?"

डॉक्टर तिथेच उभे होते. "अजून नाही."

"माझ्याकडे आहेत," अबू सालेह म्हणाले आणि पुन्हा झोपले.

खरंच होते. शेतात खोल विहीर, तिच्या पाण्याने भरलेला सिमेंटचा हौद, हौद कसला, मला विचाराल तर त्यात आमच्या दाभोळची फेरीबोट वळली असती, आणि त्यात चिलापी मासे. हौदातून पाटाने पाणी खजुरांना जायचं. पहिल्या शुक्रवारी आम्ही पोचलो तेव्हा जमिनीखालचं कोमट पाणी जाड पाइपातून हौदात पडत होतं आणि गार हवेत त्याची दाट वाफ उठत होती. डॉक्टर गाडीतून उतरले, वाफ पाहिली आणि गाडीचं दार लावायला विसरले.

"धुकं," ते म्हणाले. "खाडीवाले, हे बघ. धुकं आहे."

मला ते खाडीवाले म्हणायचे. मी म्हणालो, "वाफ आहे ती. पाणी गरम आहे."

"तुला कुणी विचारलं?"

त्या दिवसापासून दर हिवाळ्यात, जमेल त्या शुक्रवारी, आम्ही खर्जला. मी आणि अबू सालेह दुपारी जुम्म्याची नमाज पढून यायचो तरी डॉक्टर तिथेच, त्याच जागी, काठी झुलवत. आणि इतक्या वर्षांत त्यांना एकही मासा लागला नाही. एकही. मी वाढवून सांगतो हे मला ठाऊक आहे, पण इथे वाढवायला काही नाहीच, शून्याला वाढवून किती करणार?

कारण साधं होतं. चिलापी थंडीत मंदावते. उन्हाळ्यात या, असं मी त्यांना लाख वेळा सांगितलं. उन्हाळ्यात ती बोट घातलं तरी चावेल. पण डॉक्टरांच्या लेखी ट्राउटचा हंगाम थंडीच्या शेवटी सुरू होतो, आणि हंगाम म्हणजे हंगाम. मासा कुठला आहे याच्याशी हंगामाचा संबंध नव्हता. शिवाय त्या हौदातल्या माशांना खाणं रोज सकाळी वेळेवर मिळायचं. कामगार बादलीभर दाणे आणि शिळे खुब्ज टाकायचा. पोटभर भाकरी मिळालेल्याने पिसांच्या मागे का धावावं?

"खुब्ज लाव," अबू सालेह दर वेळी सांगायचे. अरबीत अहोजाहो नसतं, त्यामुळे डॉक्टरांना अरेतुरे करणारे सौदीत ते पहिले आणि साताऱ्याबाहेर बहुतेक शेवटचे. "एक तुकडा लाव. तू येतोस, दिवसभर उभा राहतोस, रिकाम्या हाताने जातोस. लोक मला काय म्हणतील?"

"भाकरीवर आलेला मासा तुझ्या भाकरीवर आला. माझ्या माशीवर कुठे आला?"

"आणि आला तर सोडून देणार."

"देणार."

"माझ्या माशात काय वाईट आहे?"

इथे खरी अडचण होती. पाहुण्याने आपल्या हौदातला मासा धरावा आणि परत फेकावा, हे त्या भल्या माणसाच्या डोक्यात बसत नव्हतं. हा मासा लहान आहे, तुझ्याच घरी ठेव, असं यजमानाच्या तोंडावर म्हणावं, तसंच ते झालं. म्हणून निघताना ते कामगाराकडून जाळं टाकून टोपलीभर मासे गाडीत ठेवायचे. डॉक्टर नको म्हणाले की ते आणखी एक टोपली आणायचे. एकदा डॉक्टर तीनदा नको म्हणाले तर गाडीत मलाच बसायला जागा उरली नाही. ते सगळे मासे शाकाहारी डॉक्टरांच्या नावे माझ्या घरी. रियाधमधल्या आमच्या मराठी मंडळातली निम्मी घरं हिवाळाभर डॉक्टरांच्या अपयशावर जेवायची, आणि जेवता जेवता त्यांना हसायची. "काय डॉक्टर, या आठवड्यात कोणता अँटेना?" ते शांतपणे चटणी मागायचे.

एकदाच काहीतरी लागलं. वारा उलटा होता. काठी मागे गेली, पुढे आली, आणि तिच्याबरोबर अबू सालेहांचा शिमाग, म्हणजे त्यांच्या डोक्यावरचं लाल-पांढरं वस्त्र, वरच्या काळ्या गोफासकट हवेतून गेलं आणि हौदाच्या मधोमध पडलं. माझ्या डोळ्यांसमोर माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, पंख लावून उडून गेला. अबू सालेहांनी उघड्या डोक्यावरून सावकाश हात फिरवला.

"मुबारक," ते म्हणाले. "पहिल्यांदा काहीतरी लागलं. हे सोडू नकोस मात्र."

मग तो हिवाळा आला. डॉक्टरांचं वय झालं, इस्पितळाने करार वाढवला नाही, आणि मोबाइलवर खुरूज निहाई आली. म्हणजे सौदीतून कायमचं निघण्याचा परवाना. निघताना उघडतं आणि मागून बंद होतं असं दार. जायच्या आधी एकच शुक्रवार हातात होता.

माणसाला निवृत्तीचं दुःख असतं, तसं ते त्यांना नव्हतं. त्यांना काठीचं होतं. साताऱ्यात त्यांचं घर अशा गल्लीत, जिथे अंड्याचं कवच सापडलं तर सभा भरते. तिथे काठी घेऊन नदीवर गेले असते तर बायकोने घरात आणि गल्लीने दारात बोलणं टाकलं असतं. मला म्हणाले, "खाडीवाले, मी ठरवलंय. शुक्रवारी एक मासा लागला, एकच, तरंगत्या माशीवर, तर काठी घेऊन जातो. कुणी काय म्हणायचं ते म्हणू दे, गच्चीवर उभा राहीन. नाही लागला तर अबू सालेहला देऊन टाकतो. टोमॅटोच्या वेलाला टेकू लावील."

"डॉक्टर, काठी न्यायला मासा कशाला हवा? गुंडाळा आणि न्या."

"कुठल्या तोंडाने नेऊ?" ते म्हणाले. "आयुष्यभर लोकांना सांगितलं दगडामागे मासा आहे. बघत राहा. एकदा तरी तो असायला नको?"

मी उठलो आणि फोन घेऊन बाहेर आलो.

हे मी अबू सालेहांना फोनवर सांगितलं. टेकूचंही सांगितलं. ते फक्त "हम्म" म्हणाले.

शेवटचा शुक्रवार त्या हिवाळ्यातला सगळ्यात गार. गाडीच्या काचेवर दव नव्हतं, दवाचे खिळे होते. बायकोने घावनांचा डबा दिला आणि डॉक्टरांच्या हातात जरीचा एक धागा ठेवला. मागच्या धाग्याचा हिशेब तिने विचारला नाही. डॉक्टरांनी रस्त्यातच, चालत्या गाडीत, मांडीवर रुमाल पसरून माशी बांधली. बथातल्या त्या तांबूस कोंबड्याच्या मानेचं शेवटचं पीस, आणि पोटाला शालूची जर.

हौदावर वाफ उठली होती. अबू सालेह फरवा, म्हणजे मेंढीच्या कातड्याचा जाड झगा, पांघरून शेकोटीशी बसले होते, समोर कहव्याचा थर्मास आणि खजूर. "यल्ला, दकतूर," एवढंच म्हणाले. खुब्जचा विषय काढला नाही. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

पहिल्यांदा वाऱ्याने दोरी मागे ढकलली आणि माशी डॉक्टरांच्याच कानटोपीत अडकली. दुसऱ्यांदा खजुराच्या झावळीत. मी वर चढून काढली. थंडीने त्यांची बोटं इतकी आखडली होती की गाठ मारता येईना. "मी मारू का?" म्हटलं, तर म्हणाले, "जन्मभर मी दुसऱ्यांच्या शिरा शोधल्या, मला माझा दोरा सापडेल." त्यांनी हात पाइपाच्या कोमट पाण्याखाली धरले, गाठ मारली, पाय रोवले, आणि काठी वर गेली.

ती दोरी मी आजही पाहतो. मागे गेली, वाफेत नाहीशी झाली, पुढे आली, आणि माशी पाइपाच्या तोंडापासून हातभर अंतरावर पाण्यावर बसली. बसली म्हणजे खरोखर बसली, पाहुण्याने गादीवर टेकावं तशी.

पाणी फुगलं. एक काळं तोंड वर आलं आणि माशी गेली.

डॉक्टर ओरडले नाहीत. इतक्या हळू बोलले की मला ओठांवरून कळलं. "आला."

त्या माशाचं वजन तुम्ही मला विचारू नका, कारण मी दर वेळी वेगळं सांगतो. काठीचा अर्धगोल झाला होता एवढं खरं. डॉक्टरांनी त्याला घाई न करता आणलं, काठावर गुडघे टेकले, हात भिजवले आणि त्याला तळव्यांवर घेतलं. साधी राखाडी चिलापी. ठिपके नाहीत, कडी नाहीत, लोण्याचा रंग नाही. ते तिच्याकडे बघत राहिले. माझा हात माझ्या नकळत पुढे गेला. खाडीकाठच्या माणसाचा हात मासा पाहिला की कल्ल्यांकडे जातो, त्याला इलाज नाही. डॉक्टरांनी माझ्या हातावर चापट मारली, गरी काढली आणि मासा पाण्यात धरून ठेवला. त्याने शेपटी हलवली तेव्हा हात उघडले.

"थंडीने नाक गळतंय," ते म्हणाले. डोळ्यांबद्दल काही बोलले नाहीत.

मी अबू सालेहांकडे पाहिलं. आता टोपली येणार, असं मला वाटलं. ते कहवा ओतत होते.

डॉक्टरांनी पुन्हा माशी टाकली. पुन्हा आला. तिसऱ्यांदा टाकली, ती नीट पडलीसुद्धा नाही, ढेकळासारखी आपटली, तरी दोन मासे एकमेकांना ढकलत आले. चौथ्यांदा माशी पाण्याला टेकायच्या आधी एकाने उडी मारली. हे मी वाढवून सांगत नाही. पाण्यावर सगळीकडे तोंडं उघडत होती, पाइपाशी, पाटाशी, आमच्या पायाशी. मी काठावर सिगारेट झटकली तर राखेवर सुद्धा गर्दी झाली.

डॉक्टरांची काठी खाली आली. इतका वेळ चेहऱ्यावर होतं ते हळूहळू निघून गेलं. त्यांनी दोरी गुंडाळली, काठीचे तुकडे सुटे केले, एकेक पुसला आणि काठी ठेवायच्या नळीत घातला. मग नळी काखेत घेऊन शेकोटीशी आले. बसले नाहीत.

ती काठी आज साताऱ्यात आहे, हे सांगून टाकतो. गच्चीवर सराव चालतो, आणि मला व्हॉट्सॲपवर फोटो येतात. गेल्या महिन्यात समोरच्या जोशीकाकूंची पापडाची चादर लागली. साताऱ्याच्या वहिनींनी महिनाभर बोलणं टाकलं म्हणतात, पण फोटो त्याच काढत असणार, कारण डॉक्टर सगळ्यांत दिसतात. फेब्रुवारी आला की मी एकटा खर्जला जातो, वाफेकडे बघत बसतो आणि मनात धुकं म्हणतो. पण त्या शुक्रवारी, शेकोटीसमोर, काठी जाणार की राहणार हे अजून ठरायचं होतं, आणि नळी अबू सालेहांना द्यायला डॉक्टरांच्या काखेतून अर्धी बाहेर आली होती.

"अबू सालेह," ते म्हणाले, "काय केलंस तू?"

"काही नाही केलं."

"माशांना काय झालंय?"

"भूक लागलीये."

"का?"

अबू सालेहांनी शेकोटीत एक लाकूड सरकवलं. "माझ्या ऑपरेशनच्या आधी तू येऊन म्हणालास, काही खायचं नाही. माझ्या मुलाने खजूर आणला, तू काढून घेतलास. म्हणालास, पोट रिकामं नसेल तर मी हात लावणार नाही, मग तू कुणीही अस. मला वाटलं, याची कामाची रीतच अशी आहे. इतकी वर्षं आम्ही यांना खाऊ घालून तुझ्यासमोर आणत होतो. चूक आमची. या आठवड्यात बादली बंद केली."

मी डॉक्टरांकडे बघायचं टाळलं. वारा पडला होता. वर पाहिलं तर नळी पुन्हा काखेत गेली होती, घट्ट, आणि त्यांचे खांदे हलत होते. हसू दाबण्यासाठी त्यांनी तेच केलं जे ते ऑपरेशन थिएटरच्या दारात करायचे. चेहरा गंभीर केला, वाकले, आणि पेशंटच्या नातेवाइकाला विचारावं तसा पुढचा प्रश्न विचारला.

"आणि पाणी?"

"तू पाणीही नको म्हणाला होतास," अबू सालेह म्हणाले. "ते मला जमलं नाही."